आईला अल्झायमर, माझे अंडाशय काढलेले : स्टेरॉइड हार्मोन्सचा यात नेमका किती हात?

शिवणपेटी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण यातलं खरंच कळणारं कुणी असेल तर जरूर उत्तर द्या. घरात यावरून आता भांडणं व्हायला लागली आहेत.

आईला अल्झायमर आहे. निदान झालं तेव्हा ती ७२ वर्षांची होती, आता ७४. आयुष्यभर तिनं शिवणकाम केलं. आजही मशीनसमोर बसवलं की बॉबिन भरते, सुईत दोरा ओवते, पायडलवर पाय बिनचूक पडतो. पण समोरचं कापड कुणाचं आणि त्याचं काय शिवायचं, हे नुकतंच सांगितलेलं तिच्या डोक्यात राहत नाही. मग कापड उलटसुलट करत बसते आणि माझ्या तोंडाकडे बघते.

सत्तरीनंतर तिचा संधिवात बळावला, तेव्हापासून प्रेडनिसोलोन चालू आहे. डोस कमी आहे, पण रोजचा आहे. भावाचं म्हणणं, ‘या स्टेरॉइडनंच तिचा मेंदू खाल्ला, आजपासून बंद करा.’ गोळ्या रोज मीच तिच्या हातावर ठेवते, त्यामुळे हे वाक्य मला झोपू देत नाही.

दुसरी गोष्ट माझी. मी ४६ वर्षांची. ४२ व्या वर्षी गाठींमुळे गर्भपिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयही गेले. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचे पॅच दिले होते. वर्षभर लावले. मग नात्यातल्या एकीनं कात्रण पाठवलं की हार्मोन घेणाऱ्या बायकांना स्मृतिभ्रंश दुप्पट होतो. आईकडे बघून मी घाबरले आणि पॅच सोडले. आता अंगातून गरम वाफा येतात, रात्री तीनला जाग येते ती येतेच, आणि ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडकतं.

इस्ट्रोजेनही स्टेरॉइड आणि प्रेडनिसोलोनही स्टेरॉइड, असं वाचलं. मग एक मेंदू वाचवतं आणि दुसरं मारतं, की दोन्ही वाईट? मी आईच्या वाटेनं चालले आहे का?

दवबिंदू

ताई, घाबरू नका. मी डीएचईएच्या गोळ्या ऑनलाइन मागवते. हे हार्मोन तिशीनंतर उतरत जातं आणि मेंदूलाही लागतं, म्हणजे बाहेरून भरून काढणं सरळच आहे. मला तरतरी वाटते. प्रेग्नेनोलोनही मिळतं. आईंनाही देऊन बघा.

प्रयोगवही

शिवणपेटी, मी शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. उमेदीची बरीच वर्षं उंदरांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात गेली, त्यातही हिप्पोकॅम्पस या आठवणींशी निगडित भागाचे. तुमचा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी तुमची डॉक्टर नाही, औषधाचा निर्णय त्यांच्यासोबतच घ्या. पण कोणते प्रश्न घेऊन जायचं ते इथून घेऊन जा.

आधी दवबिंदू यांना. तुमची तरतरी मी नाकारत नाही. पण डीएचईए अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहिलेलं आहे, स्मरणशक्तीत भरवशाचा फरक दिसला नाही. शिवाय डीएचईए शरीरात डीएचईए म्हणून थांबत नाही, त्यातून टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन तयार होतात. ७४ वर्षांच्या, आधीच स्टेरॉइडवर असलेल्या बाईला हे डॉक्टरांना न सांगता देणं मला धोक्याचं वाटतं. कृपया देऊ नका.

आता मूळ प्रश्न. स्टेरॉइड हे एका रासायनिक घराण्याचं नाव आहे. सगळ्यांचा जन्म कोलेस्टेरॉलमधून होतो. त्यातून प्रेग्नेनोलोन, आणि तिथून वाटा फुटतात : प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, आणि इस्ट्रॅडिओल हे मुख्य इस्ट्रोजेन. रेणूचा सांगाडा सारखा असला तरी प्रत्येकाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीतलं त्याला ओळखणारं कुलूप, वेगळा, त्यामुळे कामही वेगळं. ‘स्टेरॉइड मेंदूला चांगलं की वाईट’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. कोणतं, किती काळ, आणि आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर, हे तिन्ही विचारावं लागतं. यातला टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, असं माझं मत आहे, आणि तुमच्या बाबतीत तर सगळं त्यावरच येऊन ठेपतं.

तुमच्या आईपासून सुरू करते. बॉबिन भरता येते पण पाच मिनिटांपूर्वीचं सांगितलेलं राहत नाही, हे तुम्ही फार नेमकं टिपलं आहे. हाताला बसलेलं काम मेंदूच्या दुसऱ्या भागात साठतं आणि ते बराच काळ टिकतं. नवीन घटना नोंदवून ठेवायला हिप्पोकॅम्पस लागतो, आणि अल्झायमर त्या परिसरावर फार लवकर घाव घालतो. कॉर्टिसॉल हे शरीराचं ताणाचं हार्मोन, प्रेडनिसोलोन त्याचीच नक्कल करतं, आणि त्याचा संबंधही तिथेच येतो. १९६८ साली ब्रूस मॅकइवेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उंदराला टोचलेलं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदराचं कॉर्टिसॉल, हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन ठाण मांडतं. ताणाच्या हार्मोनचे रिसेप्टर तिथे ठासून भरलेले आहेत. थोडा वेळ वाढलेलं कॉर्टिसॉल आठवण पक्की करायला मदतच करतं. ते वर्षानुवर्षं चढं राहिलं तर पेशींच्या फांद्या आखडतात. सोनिया लुपियन यांच्या गटानं १९९८ मध्ये वृद्धांचा अभ्यास छापला. ज्यांचं कॉर्टिसॉल वर्षागणिक चढत गेलं होतं त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा सुमारे १४ टक्के लहान भरला, आणि स्मरणाच्या चाचण्यांत ते मागे पडले. अल्झायमरसाठी मुद्दाम तयार केलेल्या उंदरांना डेक्सामेथासोन हे प्रेडनिसोलोनच्याच जातीचं औषध दिलं की ॲमिलॉइड वाढतं, टाउही साचतं, म्हणजे अल्झायमरच्या मेंदूत साठणारी दोन्ही प्रथिनं, हेही दिसलेलं आहे.

म्हणजे भाऊ बरोबर? नाही. अल्झायमरचं ॲमिलॉइड लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचायला लागतं. तुमच्या आईचं निदान ७२ व्या वर्षी झालं, म्हणजे आतली सुरुवात पन्नाशीत झाली असणार. सत्तरीनंतर सुरू झालेल्या कमी डोसच्या गोळीनं तो आजार निर्माण केला, हे काळाच्या हिशेबात बसत नाही. तुम्ही रोज हातावर ठेवलेली गोळी तिच्या सांध्यांसाठी होती आणि ते काम तिनं केलं. हा दोष मनावरून उतरवून ठेवा.

यातला एक प्रयोग घरच्यांना जरूर सांगा. अल्झायमरमध्ये मेंदूत दाह असतो, आणि प्रेडनिसोलोनचंच भावंड असलेलं प्रेडनिसोन दाह कमी करतं, मग त्यानं आजार मंदावेल असं वाटून १३८ रुग्णांवर चाचणी झाली. सुरुवातीला रोज २० मिलिग्रॅम, मग वर्षभर १०. निकाल २००० साली आला. बुद्धीच्या चाचणीत औषध आणि खोटी गोळी यांत फरक नाही. वागणुकीतला बिघाड मात्र प्रेडनिसोन घेणाऱ्यांत जास्त. तेव्हा चिडचिड, झोप मोडणं, संशय घेणं असं काही आईत वाढलं असेल तर डॉक्टरांना सांगा आणि डोस आणखी कमी होईल का ते विचारा. पण भावाच्या सांगण्यावरून एका दिवसात बंद करू नका. रोज बाहेरून स्टेरॉइड मिळालं की कॉर्टिसॉल बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं काम मंदावतात. गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळतो, जिवावर बेतू शकतं. डोस पायरीपायरीनं उतरवतात, तोही डॉक्टरच्या देखरेखीखाली.

आता तुम्ही. इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

गॉल्जी पद्धतीनं रंगवलेला मेंदूचा काप बघितलाय कुणी? पिवळट पार्श्वभूमीवर मोजक्याच पेशी काळ्याकुळकुळीत उठून दिसतात, मुळापासून शेंड्यापर्यंत. भिंग वाढवलं की पेशीच्या फांद्यांवर बाभळीच्या काट्यांसारखे बारीक उंचवटे दिसतात. प्रत्येक काटा म्हणजे बहुतेक वेळा एक जोडणी, एक सिनॅप्स. हे काटे मोजायचं काम मी केलेलं आहे. डोळ्यांना पाणी येईपर्यंत केलेलं आहे. १९९० मध्ये कॅथरीन वूली आणि मॅकइवेन यांनी मादी उंदरांत हेच काटे मोजले. उंदराचं पाळीचं चक्र चार-पाच दिवसांचं. इस्ट्रोजेन वर असलेल्या दिवशी काटे भरगच्च, आणि चोवीस तासांत इस्ट्रोजेन उतरलं की सुमारे ३० टक्क्यांनी कमी. तेही प्रौढ मेंदूत, एका दिवसात! तो निबंध वाचला तेव्हा मी उठून पुन्हा स्वतःच्या स्लाइड्स काढून बसले होते. मोठ्या माणसाच्या मेंदूची घडण आता पक्की, ही आमची शिकवण तिथे ढिली झाली.

इस्ट्रोजेन आणखी बरंच करतं. पेशीला ग्लुकोज वापरायला मदत करतं. ज्या मोठ्या प्रथिनाचे तुकडे होऊन ॲमिलॉइड बनतं, त्याचं कापणं काचपात्रातल्या चेतापेशींत निरुपद्रवी वाटेकडे वळवतं. त्यामुळे नव्वदच्या दशकात सगळ्यांची खात्री होती की रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन दिलं की अल्झायमर टळेल. घेणाऱ्या बायकांत आजार कमी दिसतही होता. पण त्या बायका मुळातच अधिक शिकलेल्या, तब्येतीनं बऱ्या आणि डॉक्टरकडे वेळेवर जाणाऱ्या होत्या.

मग २००३ मध्ये तुमच्या कात्रणातली ती चाचणी आली. नाव व्हिम्स. ४,५३२ बायका. निम्म्यांना घोडीच्या मूत्रातून काढलेली इस्ट्रोजेन्स आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखं औषध, निम्म्यांना खोटी गोळी. साधारण चार वर्षांनी औषधाच्या गटात ४० जणींना स्मृतिभ्रंश झाला, दुसऱ्या गटात २१ जणींना. दुप्पट, हे खरं आहे. पण त्या सगळ्या बायका ६५ किंवा त्याहून मोठ्या होत्या! बहुतेकींना रजोनिवृत्तीला दहा-पंधरा वर्षं किंवा अधिक उलटून गेल्यावर हार्मोन पहिल्यांदा दिलं गेलं. आणि दुप्पट म्हणजे वर्षाला दर दहा हजार बायकांमागे २२ ऐवजी ४५. कात्रणात बहुधा यातलं काही नसतं, आणि मला त्याचा खरोखर राग येतो. कारण ते वाचून तुमच्यासारख्या बायका पॅच काढून टाकतात, ज्यांच्याबद्दल ती चाचणी नव्हतीच.

तुमच्याबद्दल बोलणारा अभ्यास वेगळा आहे. २००७ मध्ये मेयो क्लिनिकच्या वॉल्टर रोका यांच्या गटानं रजोनिवृत्तीआधी अंडाशय काढलेल्या बायकांचा मागोवा छापला. त्यांच्यात पुढे स्मृती-बुद्धीच्या तक्रारी किंवा स्मृतिभ्रंश जास्त दिसला. जितक्या लहान वयात शस्त्रक्रिया, तितका धोका जास्त. मात्र अंडाशय काढल्यावर पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेतलेल्यांत ही वाढ दिसली नाही. हा निरीक्षणातून आलेला पुरावा आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, तेव्हा त्यावर शपथ घेऊ नये. पण हृदय आणि हाडं यांच्यासाठी तरी ४२ व्या वर्षी अंडाशय गेलेल्या बाईला, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, यावर तज्ज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर गणित बदलतं. गर्भपिशवी नसल्यानं तुम्हाला सहसा सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही, आणि गोळीपेक्षा पॅचमध्ये गुठळ्यांचा धोका कमी असल्याचं दिसतं. चार वर्षांपूर्वी तुमच्या डॉक्टरांनी विचार करूनच पॅच निवडला असणार.

याचा अर्थ कुणीही अल्झायमर टाळायला हार्मोन घ्यावं असा काढू नका. रजोनिवृत्ती नुकतीच आलेल्या निरोगी बायकांवर चाचण्या झाल्या, कीप्स आणि एलिट. त्यांत स्मरणशक्ती सुधारली नाही, बिघडलीही नाही. आजार जडल्यावर तर मुळीच उपयोग नाही. २००० सालीच १२० रुग्ण बायकांना वर्षभर इस्ट्रोजेन देऊन ते कळलं होतं. म्हणून तुमच्या आईला पॅच लावायचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या.

एक शेवटचं, कारण मला ते फार मोलाचं वाटतं. मेंदू स्वतःही स्टेरॉइड बनवतो. एतिएन-एमिल बोलियू यांनी १९८१ मध्ये दाखवलं की उंदराच्या अधिवृक्क आणि जनन ग्रंथी काढल्या तरी मेंदूत डीएचईए सल्फेट टिकून राहतं. न्यूरोस्टेरॉइड हा शब्द त्यांचाच. टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करणारं ॲरोमॅटेज हे एन्झाइमही मेंदूत असतं. २००५ च्या एका अभ्यासात अल्झायमरनं गेलेल्या बायकांच्या मेंदूत इस्ट्रोजेन कमी सापडलं, रक्तात मात्र तसा फरक नव्हता. त्याच गटानं ॲमिलॉइड साचणाऱ्या उंदरांत ॲरोमॅटेजचं जनुक बंद केलं तर थर लवकर आणि जास्त चढले. नुसते अंडाशय काढले तर तसं झालं नाही. तेव्हा रक्ततपासणीतला इस्ट्रोजेनचा आकडा बघून मेंदूचं भविष्य सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, आणि अंडाशय गेले म्हणजे मेंदू उघड्यावर पडला असंही समजू नका.

रात्रपाळी

मी वृद्धांच्या वॉर्डात परिचारिका आहे. प्रयोगवहीताईंनी सगळं सांगितलंच, एक व्यवहारातली भर. प्रेडनिसोलोन सकाळी देता की संध्याकाळी? शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल पहाटे चढतं आणि मध्यरात्री तळाला जातं. गोळी संध्याकाळी पोटात गेली की माणूस रात्रभर टक्क जागा, आणि स्मृतिभ्रंशाचा रुग्ण रात्री जागा म्हणजे दुसऱ्या दिवशी गोंधळ दुप्पट. बहुतेक डॉक्टर सकाळीच, काहीतरी खाल्ल्यावर घ्यायला सांगतात. आणि गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला तर तो अल्झायमर पुढे सरकला असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, नवं औषध, स्टेरॉइडचा वाढवलेला डोस, हे आधी तपासायचं असतं. त्यातलं पुष्कळसं बरं होतं.

उत्तरायण

आमच्या वडिलांना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी टेस्टोस्टेरॉन खाली आणणारी इंजेक्शनं चालू आहेत. वय ७८. वरचं सगळं वाचून धाकधूक वाटते. पुरुषांचं काय?

प्रयोगवही

उत्तरायण, बाल्टिमोरमध्ये पुरुषांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. मुक्त, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेलं, टेस्टोस्टेरॉन जास्त असलेल्यांना पुढे अल्झायमर कमी झाला, असा निष्कर्ष २००४ मध्ये आला. त्यावरून आशा वाढल्या. पण २०१७ मध्ये चाचणीचा निकाल आला. ६५ च्या पुढचे, टेस्टोस्टेरॉन कमी असलेले आणि विसरभोळेपणा जाणवणारे ४९३ पुरुष, वर्षभर टेस्टोस्टेरॉनचं किंवा खोटं जेल. ऐकलेला परिच्छेद नंतर आठवून सांगण्यात टेस्टोस्टेरॉन लावणारे खोटं जेल लावणाऱ्यांच्या पुढे गेले नाहीत. इंजेक्शनं आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, काहींत संबंध दिसतो, काहींत नाही. वडिलांच्या बाबतीत समोर उभा असलेला धोका कर्करोगाचा आहे. इंजेक्शन चुकवू नका. त्याऐवजी रक्तदाब, साखर आणि ऐकू येतं का, यांकडे लक्ष द्या. कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्र लावा. ७८ व्या वर्षी मेंदूसाठी हातात असलेल्या गोष्टी याच आहेत.

शिवणपेटी

प्रयोगवहीताई, तुमचं उत्तर भावाला मोठ्यानं वाचून दाखवलं. काळाच्या हिशेबाचा परिच्छेद त्यानं दोनदा वाचायला लावला. गोळ्या बंद करायच्या नाहीत यावर आता एकमत आहे.

रात्रपाळी, आईच्या चिठ्ठीवर ‘जेवणानंतर’ एवढंच लिहिलं आहे आणि ती रात्रीच्या जेवणानंतर घेते. वेळ सकाळी आणता येईल का, ते डॉक्टरांना फोन करून विचारणार आहे.

माझ्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. एकच विचारायचं राहिलं. पॅच परत सुरू झाला तर नावं अडकायची थांबतील का? ते थांबलं नाही तर मला आईसारखं होतंय असं समजायचं का?

प्रयोगवही

नाही, तसं समजायचं नाही. ओळखीचं नाव ओठांवर अडकणं आणि थोड्या वेळानं आपसूक आठवणं, हे रजोनिवृत्तीच्या सुमारास असंख्य बायकांना होतं, आणि तुम्हाला ती चाळिशीतच एका दिवसात आणली गेली. त्यात रोज तीनला जाग, आणि आजारी आईची काळजी. यातलं कुठलंही एक कारण पुरेसं आहे. पॅचनं वाफा आटोक्यात आल्या तर झोप लागते, आणि झोप लागली की डोकं हलकं होतं. तेवढ्याची अपेक्षा ठेवा.

तज्ज्ञांकडे जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या : शस्त्रक्रियेची तारीख, पॅच किती मिलिग्रॅमचा होता आणि कधी सोडला, आणि आईला लक्षणं कोणत्या वयात सुरू झाली. शेवटचं मुद्दाम सांगा. ६५ नंतर सुरू झालेला अल्झायमर बहुतांश वेळा सरळ वारशानं येत नाही. मुलीला धोका थोडा वाढतो, पण ठरून जात नाही.